जुन्यासारखं

“आई, आजोबांच्या घड्याळात दिवे लागलेत.”

दोन खुर्च्यांवर जाड पांघरूण टाकून केलेल्या तंबूतून चिमीचं डोकं बाहेर आलं, एवढं बोललं आणि परत आत गेलं. कामाच्या टेबलाशी बसलेल्या तिच्या आईच्या चिमट्यात सेकंदकाटा होता. तो निसटला आणि फरशीवर कुठे गडप झाला, कळलंसुद्धा नाही.

सासऱ्यांच्या घड्याळात दिवे लागायला नको होते. आकड्यांवरचे रेडियमचे ठिपके कधीच विझले होते. “आम्ही दोघंही आता अंधारात काही कामाचे नाही,” असं ते घड्याळ दाखवून हसत सांगायचे.

सून घड्याळं बनवायची. आत नवं यंत्र, वर जुन्या धर्तीची तबकडी. आकड्यांचं वळण, कडेच्या बारीक रेघा, उन्हाने पिवळटलेला रंग, ठिपक्यांचा चहाच्या डागासारखा तपकिरी, सगळं मुळाबरहुकूम. पण गिऱ्हाईक कितीही हुरळलं तरी ती आधी बजावायची, की हे जुनं नाही, जुन्यासारखं आहे. एकाच माणसाला तिने हे सांगितलं नव्हतं, आणि तो माणूस तिच्याच घरात राहत होता.

घड्याळ हातात देताना सासरे म्हणाले होते, आतून साफ कर, तबकडीला तेवढा हात लावू नकोस. लग्नानंतरच्या त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला सासूबाईंनी दिलेलं ते घड्याळ. सासूबाई आता नव्हत्या. ती हात लावणार नव्हतीच. पण चाराच्या आकड्याशी बुरशीचा एक डाग होता, तो तिच्या डोळ्यांत सलत होता, आणि आतल्या खोलीत चिमी झोपेतून उठून रडायला लागली होती. उठता उठता तिने ओलसर कापूस एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवला. उचलून पाहिला तर तीन, चार आणि पाच कापसावर आले होते.

जुन्या तबकडीला ओलं लावायचं नाही, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात, आणि तिने नेमकं तेच केलं होतं.

मग तिने नवी तबकडी केली. जीव ओतून केली. चाराजवळचा डागसुद्धा रंगवला. नवऱ्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, बाबांना सात जन्मांत कळणार नाही, उगाच हरिश्चंद्र होऊ नकोस. ती झाली नाही. सासऱ्यांनी घड्याळ कानाला लावलं, छान चालतंय म्हणाले आणि मनगटावर बांधलं.

त्या दिवसापासून तिची नजर त्या मनगटावर खिळली. पूर्वी संध्याकाळी चिमीला थोपटताना ते घड्याळाचाच हात वापरायचे. कानाशी टिकटिक असली की पोरगी चटकन झोपायची. आता उजव्या हाताने थोपटायचे. सून दिवा मालवायला दारात आली, की डावा हात हळूच पांघरुणात जायचा. एवढ्या उकाड्यातही. त्यांना ते अंगावर नकोसं झालंय, तिला वाटायचं. काहीतरी खटकतंय, काय ते सापडत नाहीये. पट्टा टोचतो का, तिने विचारून पाहिलं. छे गं, म्हणाले. मग रात्रभर ती कूस बदलत राहायची. चिमी तिला जेवढी जागवत नसे, तेवढं ते घड्याळ जागवायचं.

आणि आता दिवे.

तिची नजर टेबलावरच्या बाटलीकडे गेली. गिऱ्हाइकांना ठिपके जुने दिसायला हवेत आणि अंधारात चमकायलाही हवेत, म्हणून ती चमकणाऱ्या रंगातच तपकिरी मिसळून ठेवायची. सासऱ्यांच्या तबकडीसाठीही हाताच्या सवयीने तीच बाटली उचलली होती. भिंगाखाली पाहिलं, खिडकीशी पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. अंधारात पाहायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासरे तंबूतून रांगत बाहेर आले, केस विस्कटलेले. चिमीने वर सारलेली बाही ते घाईघाईने खाली ओढत होते.

तिने खण उघडला. कापसात गुंडाळून ठेवलेली जुनी तबकडी बटणांच्या रिकाम्या डबीसकट काढली, कापूस उलगडला आणि डबी त्यांच्या तळहातावर ठेवली.

“बाबा, तुमच्या हातातली खरी नाही. खरी ही. माझ्याकडून पुसली गेली.”

ते खुर्चीवर बसले. डबी उजेडाकडे तिरपी केली. अंगठा पुसलेल्या जागेच्या अगदी जवळ नेला, पण टेकवला नाही. मग कापसाची घडी पहिल्यासारखी घातली आणि डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली. सुनेला वाटलं, आता हे मनगटावरचंही काढून देतील.

“ठाऊक होतं गं,” ते म्हणाले. “पहिल्याच संध्याकाळी. तू दिवा मालवून गेलीस आणि हात उजळला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलायचं कसलं? तू दारात आलीस की तुला दिसू नये, म्हणून हात पांघरुणात घ्यायचो. आधीच तुला झोप कमी.”