फक्त चार टक्के

पैठणीवरच्या मोराचे धागे मोजताना द्रौपदा पुन्हा चुकली. डोक्यातल्या चिपवर कंपनीचा सक्तीचा, बंद केला तर दंड होणारा व्हिडिओ लागला, की प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर जायचा आणि मोजलेलं सगळं पुसलं जायचं.

तक्रारीवरून आलेला कंपनीचा माणूस हसला. "मावशी, तुमची सिस्टिम जुनाट. आमची घाला. माझ्याही डोक्यात हाच व्हिडिओ चालू आहे, पण हे मनगटावरचं मीटर बघा, फक्त चार टक्के! नाव काय म्हणालात तुमचं?"

"चौथ्यांदा विचारताय. आता तुमचं सांगा बघू."

त्यानं तोंड उघडलं, मग हळूच मान खाली घालून शर्टावरचा नावाचा बिल्ला वाचला.

"माझी सिस्टिम जुनी आहे, पण तिचं मीटर खोटं बोलत नाही," द्रौपदा कडाडली. "लावा काय दंड लावायचा तो!"

तिनं त्याच्यादेखत व्हिडिओचं प्लगिन उडवलं आणि पहिल्या धाग्यापासून मोठ्यानं मोजायला लागली.