उरलेली अर्धी

"साहेब, तुम्ही लबाडी केलीत. डबा दुप्पट वेगानं सोडलात आणि चूक माझ्या भावाच्या गळ्यात मारलीत."

दार लोटून आत येताच ताईनं हे तोंडावर फेकलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता. मागून धाकटा कुबड्या टेकत आला. रेल्वेच्या यार्डात तो डबे जोडायचा. दोन डब्यांच्या मधे चेंगरून त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला होता. आज त्याला निष्काळजी ठरवून घरी पाठवायचं होतं. चौकशीला यार्डाचा साहेबच बसला होता.

"बसा, मॅडम. भावना समजतो मी. पण कॅमेऱ्यात दिसतंय ना, डबे ताशी पाचनं चाललेत. नियमात बसतं."

"दोन्ही डबे?"

"दोन्ही. जोडलेले."

"म्हणजे टक्कर झाल्यावर!" ताई टेबलापाशी आली. "एक उभा होता. दुसरा, तेवढ्याच वजनाचा, येऊन त्याला चिकटला. एकट्याचा संवेग आता दोघांत वाटला गेला, म्हणजे वेग निम्मा. नंतर पाच, तर आधी दहा. नववीच्या पोरांना येतं हे."

"ताई, साहेबांचं नाव नववीत घाल," धाकटा म्हणाला. "माझ्या शेजारी बसव. कॉपी करू दे."

साहेब हसला नाही. तो इंजिनिअर होता. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच त्यानं नेमका टकरीनंतरचा वेग उचलला होता.

"बरं, दहा धरा. तरी संवेग आधी जेवढा, तेवढाच नंतर. काहीच वाया गेलेलं नाही."

"संवेगाचं काय घेऊन बसलात? तो जुळतोच. मधे माणूस असो नाहीतर नसो. गतिज ऊर्जेचं बोला. वेग दुप्पट केलात की ती चौपट होते. त्यातली अर्धी डब्यांबरोबर पुढं गेली. उरलेली अर्धी?"

"जाते इकडंतिकडं. थोडी उष्णता होते, थोडा आवाज..."

"आवाजात थोडा माझा होता, साहेब," धाकटा म्हणाला. "तेवढा वजा करा."

साहेबानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"मुद्दा वेगाचा नाहीच मुळी," तो म्हणाला. "हा दोन डब्यांच्या मधे कशाला शिरला, हा मुद्दा आहे."

"मग काय घरी बसून जोडायचे होते?" धाकटा तावातावानं उठायला गेला. कुबडी फरशीवर सटकली. ताईनं त्याच्या काखेखाली हात घातला, तोल सावरेपर्यंत धरून ठेवलं. साहेब खुर्चीतून हललासुद्धा नाही.

ताईनं मान वळवली. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता, हळू होता.

"यार्डात तुमच्या शब्दाशिवाय डबा सुटत नाही. माणूस मधे असताना एवढ्या जोरात सोडायला तुम्ही का सांगितलंत? माझ्या वर्गात उत्तर उभं राहून देतात. उठा, साहेब. तुम्हाला तरी उभं राहता येतं. बोला."