अर्धा सूर खाली

रेजिनाने नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि कपाळावर हात मारला. वसईच्या चर्चमधला हा पियानो तिने शनिवारी तिसऱ्यांदा लावला होता, आणि सोमवारी तो पुन्हा अर्धा सूर उतरलेला! आजूबाजूचे आवाज ऐकून आपोआप सुरात राहणाऱ्या तारा बसवल्यापासून सगळे पियानो शहाण्यासारखे वागत होते. हाच एक द्वाड.

"आता भंगारातच काढतो," फादर वैतागून म्हणाले.

"थांबा, फादर. रविवारी याच्या अगदी जवळ कोण उभं असतं?"

"आमच्या इस्तेलमावशी. ऐंशी वर्षांच्या आहेत. वरचा सूर लागेना म्हणून मध्यंतरी गाणं सोडून रडत घरी बसल्या होत्या. पण नाताळपासून आवाज असा मोकळा लागतोय म्हणता! काल तर आख्खं चर्च उभं राहून गायलं."

रेजिनाला हसूच आवरेना. इतक्या आवाजांतून नेमका कुणाचा धरायचा, हे या पठ्ठ्याने स्वतःच ठरवलं होतं. तिने तारा पिळायची किल्ली पिशवीत टाकली आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं,

'पियानो सुरात आहे. माझा नादकाटाच चढलाय.'