प्रमाणासाठी हात

संशोधक मुलीच्या निधनानंतर तिचा खडकांवरचा प्रबंध छपाईसाठी मांडून घेण्यासाठी वडील माझ्याकडे आले. सातव्या छायाचित्रात खडकातल्या भेगेची रुंदी कळावी म्हणून तिने शेजारी स्वतःचा पंजा टेकवला होता. खाली चित्रओळ होती: ‘प्रमाणासाठी हात’. मार्गदर्शकांचा शेरा योग्यच होता: हात हे एकक नव्हे, तो कापून सेंटीमीटरची मोजपट्टी द्या. “कापू नका हो,” वडील म्हणाले. “नाही कापत, काका. मोजपट्टी शेजारी काढतो. पण त्यासाठी तिच्या हाताची लांबी लागेल.” त्यांनी उताणा पंजा टेबलावर ठेवला. “दवाखान्यात रोज पंजे जुळवायचो. म्हणायची, बाबा, हा हात की फावडं? तिचं बोट इथवर यायचं.” शेवटच्या पेरावर त्यांनी खूण दाखवली. मी मोजले: सतरा सेंटीमीटर, अर्धा इकडेतिकडे. मोजपट्टी आखून चित्रओळ सुधारली. “झालं, काका.” पंजा मात्र त्यांनी मिटला नाही.