शांत कोर्ट

"आजची सगळी कामं पुढं ढकललीत, मावशी. घरी जा." कोर्टातले पट्टेवाले खैरमोडे सकाळपासून हेच सांगत होते. रोज नावं पुकारणारा त्यांचा आवाज पार बसला होता.

जागेच्या दाव्यात अकरा वर्षं हेलपाटे घालणाऱ्या ठकूबाईंनी मागच्या दाराच्या पायरीवर बसून चप्पल काढली. "दोन एसट्या बदलून आले रे. का ढकललं?"

"जगभरच्या वकिलांची परिषद कुठल्या शहरात भरवायची, ते ठरवायला समिती येतेय. कोर्टात गर्दी दिसायला नको म्हणे."

समिती आली. रिकामी बाकडी पाहून अध्यक्ष खूश झाले. "इथं खटले तुंबलेले दिसत नाहीत. परिषदेचा विषयच 'वेळेत न्याय'. हेच शहर पक्कं. सोळा ते अठरा जानेवारी."

"ते तीन दिवस कोर्ट बंदच ठेवू," मोठे न्यायाधीश म्हणाले.

समिती गेली. ठकूबाई अजून पायरीवरच होत्या. त्यांनी नव्या तारखेची चिठ्ठी पुढं केली. खैरमोड्यांनी वाचली: सतरा जानेवारी.

"संक्रांत झालेली असेल," ठकूबाई म्हणाल्या. "तुला तिळगूळ आणीन."

खैरमोड्यांनी खाली वाकून त्यांची चप्पल सरळ करून ठेवली.