लाल टिंब

"त्या हिरालालचं नाव काढा हो यादीतून," सुशीला तिसऱ्यांदा म्हणाली. "त्याच्याच औषधानं मले धड श्वास घेता येते."

यशवंतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. भोपाळहून रायपूरला बदलून आलेल्या यशवंतरावांकडे झोलाछाप, म्हणजे बिनपदवीच्या डॉक्टरांची यादी करायचं काम होतं. ज्याचं नाव त्यांनी लिहिलं, त्याच्या दाराला सील.

"तुले काही समजते काय? दवाखान्यात बदकं फिरतात त्याच्या! सुई देत नाही, सलाईनची बाटल लावत नाही, पायात टायरच्या चपला. असा डॉक्टर असते काय?"

"तलावाच्या काठी हाये, तर बदकं येतीलच. भोपाळले एक चिठ्ठी तर टाकून पाहा. डॉक्टरांच्या रजिस्टरात नाव हाये म्हणते तो."

"सारेच भोपाळचं नाव सांगून राहिले! अवं, वीस वर्षं ते रजिस्टर मी लिहिलं. मूळ पदवी या डोळ्यांनी पाहिल्याबिगर कोणाच्या नावापुढं लाल टिंब नाही ठेवलं. खरा डॉक्टर मले दुरून वळखू येते."

नवऱ्याच्या लाल टिंबापुढं सुशीलाचं कधी चाललंच नव्हतं. माणूस सचोटीचा, यात शंका नाही. पण सचोटीचा माज दारूपेक्षा वाईट, मेला उतरतच नाही.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव पथक घेऊन गुढियारीत, तलावाकाठच्या त्या दवाखान्यात पोचले. हिरालाल एका म्हातारीच्या पाठीला नळी लावून बसला होता. तिला तपासून झाल्यावरच तो उठला.

"घर में पानी घुसा था, बाबूजी. असल डिग्री उसी में गल गई. पर रजिस्टर में नाम है. और आप तो मुझे पहचानते हैं."

"वा रे वा!" यशवंतराव कडाडले. "बीवी दवाई ले जाती है, तो पहचान निकालोगे?"

पंचनाम्यावर नाव चढलं: हिरालाल, वल्द शालिग्राम. दाराला लाखेचं सील बसलं. जाता जाता हिरालालनं कागदाची एक पुडी पुढं केली.

"दीदी की दवाई. बंद मत होने देना."

यशवंतरावांनी ती जप्तीच्या मालात टाकली.

सुशीला मग समता कॉलनीतल्या मोठ्या दवाखान्यात जाऊ लागली. काचेचं दार, सुई, बाटल, सगळं यथासांग. दम मात्र वाढतच गेला. तीन आठवड्यांनी एका दुपारी यशवंतरावांनी तिला धरून रिक्षात बसवलं, तेव्हा तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता.

"हिरालालकडं... न्या हो."

"तो खोटा हाये, सुशीला."

रिक्षा तलावावरून गेली. सील लावलेल्या दारापाशी बदकं ओरडत होती. समता कॉलनी यायच्या आतच तिची मान यशवंतरावांच्या खांद्यावर कलंडली.

दिवाळीनंतर भोपाळहून रजिस्टरांच्या पेट्या आल्या. यादीतली नावं ताडून पाहा, असं साहेबांनी सांगितलं. यशवंतराव तीन दिवस खाली मान घालून बसले. एकावन्न नावं झाली, एकही रजिस्टरात सापडेना. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं. आपण चुकलो नाही. बायको गेली ती देवाच्या मर्जीनं, आपल्या हातून नाही.

एकच नाव राहिलं होतं. त्यांनी सत्त्याऐंशी सालचं रजिस्टर उघडलं आणि बोटानं एकेक ओळ खाली येऊ लागले.

हिरालाल, वल्द शालिग्राम, मुक्काम गुढियारी.

नावापुढं लाल टिंब होतं.