आंधळीचा भोपळा

दांडगीने सोंड लांबवली आणि आंधळीसाठी ठेवलेला भोपळा आजही पळवला. तात्याचं डोकं सणकलं.

भोपळ्यांचा हंगाम होता. हत्तींच्या त्या अभयारण्यात ट्रकच्या ट्रक रिकामे होत होते. बाकीच्या हत्तिणींची पोटं टम्म, आणि ही म्हातारी आंधळी मात्र दिवसेंदिवस खंगत चाललेली. तात्या नवाच राखणदार, पण आंधळीवर त्याचा भारी जीव जडला होता. कुंपणालगतच्या चिखलात, अगदी तिच्या सोंडेपाशी तो भोपळा ठेवायचा. की आलीच ती दांडगी! भोपळा ढकलत ढकलत पाण्याच्या टाकीमागे न्यायची आणि ही बिचारी वास घेत तिच्या मागे मागे. ही उपाशी मरणार, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत, या विचाराने तात्याला घास गिळवत नव्हता.

कुंपणाच्या आत माणसाने जायचं नाही, असा तिथला कडक नियम. तात्याने खांब रोवायची पहार उचलली आणि फाटक उघडलं. बरोबर कामाला असलेला मेहुणा मागून ओरडला, “दाजी, मागे फिरा.”

दाजी कुठले ऐकायला! टाकीच्या कोपऱ्यावर त्याने दांडगीला गाठलं आणि दोन्ही हातांनी पहार तिच्या सोंडेवर हाणली. कातडी फाटली. दुसऱ्या घावाला रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली, तरी त्याने तिसरा घातलाच. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं.

दांडगी किंचाळली, पण उलटली नाही. मागे सरली.

उलटली ती आंधळी. किंकाळीच्या रोखाने ती धावत आली आणि तिने तात्याला कपाळाने टाकीच्या भिंतीवर दाबलं. बरगड्या वाळक्या काटक्यांसारख्या मोडल्या. मग सोंडेत धरून तिने त्याला टाकीपलीकडे भिरकावलं. तो पाय मुडपून पडला. जिच्यासाठी एवढं केलं तिनेच हे करावं, याने त्याला रडू फुटलं.

तिथे टाकीमागे सिमेंटची टणक फरशी होती. कुंपणाबाहेरून ती कधी दिसली नव्हती. दांडगीने हुंगून हुंगून आंधळीला शांत केलं. मग भोपळा फरशीवर घेतला, पायाखाली फोडला, तुडवून मऊ केला आणि रक्त ठिबकणाऱ्या सोंडेने तो गर आंधळीला भरवायला लागली. आंधळीने आ केला. तिचं बोळकं तात्याने आज पहिल्यांदाच पाहिलं.

धापा टाकत आलेल्या मेहुण्याने पडलेली पहार उचलली आणि तो दांडगीवर धावला. तात्याने त्याचा घोटा पकडला.

“ती टाक,” तो रक्त थुंकत म्हणाला. “दुसरा भोपळा आण. इथे, फरशीवर ठेव.”